अतिशीत पदार्थांतील विजेची वाट

मे महिन्यात वर्धा जिल्ह्यातील तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. अशा प्रदेशातील वाचकास अतिशीत तापमानाचे शास्त्र हा दूरदेशीचा विषय वाटला, तर त्यात नवल नाही. वस्तुतः हे शास्त्र जिल्ह्यात केव्हाच येऊन पोचले आहे. आर्वी, आष्टी आणि कारंजा हे तालुके गवळाऊ जातीच्या गाईंसाठी प्रसिद्ध आहेत. पशुवैद्यकीय दवाखान्यांत कृत्रिम रेतनासाठी लागणाऱ्या गोठित रेतमात्रा द्रव नायट्रोजनच्या पात्रात, म्हणजे उणे १९६ अंशांस, जपून ठेवलेल्या असतात. सेवाग्राम आणि सावंगी (मेघे) येथील वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत रुग्णांची एम. आर. आय. तपासणी होते. या तपासणीच्या यंत्रात जो प्रबळ चुंबक असतो, त्याच्या तारांची वेटोळी सामान्यतः द्रव हेलियमच्या साहाय्याने उणे २६९ अंशांच्या आसपास थंड राखावी लागतात.

चुंबकाच्या त्या वेटोळ्यांत एकदा सोडलेला विद्युत् प्रवाह जवळजवळ न घटता वर्षानुवर्षे वाहत राहतो. नेहमीच्या तारेत असे कधीच घडत नाही. अतिशीत पदार्थांत विजेचे वर्तन इतके कसे बदलते, ते मोजतात कसे, आणि या मोजणीत महाराष्ट्रातील प्रयोगशाळांचा वाटा कोणता, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

शीत कशासाठी?

तांब्याच्या तारेतून वीज वाहते म्हणजे तिच्यातील मोकळे इलेक्ट्रॉन पुढे सरकतात. तारेतील अणू मात्र स्थिर नसतात. उष्णतेमुळे ते सतत कंप पावत असतात आणि इलेक्ट्रॉनांच्या वाटेत अडथळा आणतात. यालाच आपण विद्युत् रोध म्हणतो. तार थंड करीत गेल्यास अणूंचे कंपन मंदावते व रोध घटतो. परंतु धातूतील अपद्रव्ये आणि स्फटिकरचनेतील दोष थंडीने नाहीसे होत नाहीत. त्यामुळे सामान्य धातूत थोडा रोध शेवटपर्यंत उरतोच.

हॉलंडमधील लायडन येथे कामरलिंग ओन्नेस यांनी १९०८ मध्ये हेलियम वायूचे प्रथम द्रवीकरण केले. उणे २७३.१५ अंश सेल्सिअस या निरपेक्ष शून्यापासून मोजलेल्या तापमानाचे एकक केल्व्हिन होय. या मापाने द्रव हेलियम ४.२ केल्व्हिनला उकळते. १९११ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेत पारा या तापमानापर्यंत थंड केला असता त्याचा रोध एकाएकी नाहीसा झाल्याचे आढळले. या अवस्थेस अतिसंवाहकता असे नाव मिळाले. तिचे समाधानकारक स्पष्टीकरण १९५७ मध्ये बार्डीन, कूपर आणि श्रीफर या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांनी दिले. अतिशीत धातूत इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमतात आणि लेझीम पथकातील मुलांनी एका ठेक्यावर पाऊल टाकावे त्याप्रमाणे या सर्व जोड्या एकाच तालाने चालतात. सगळे पथकच एकजीव होऊन चालू लागले, की एखाद्या दोषामुळे एकट्या जोडीचे पाऊल चुकत नाही आणि रोध उरत नाही.

शीतावाचून चालत नाही याचे दुसरेही एक कारण आहे. उष्णता ही मोजणीच्या दृष्टीने गोंगाटासारखी असते. अतिसंवाहक पदार्थातील महत्त्वाच्या घडामोडी एक सहस्रांश व्होल्ट किंवा त्याहूनही अल्प विद्युत् दाबाच्या पातळीवर घडतात. नेहमीच्या तापमानास इलेक्ट्रॉनांच्या औष्णिक ऊर्जेचे मान सुमारे २५ सहस्रांश व्होल्टांशी तुल्य असते. भरबाजारात कोणाची कुजबुज ऐकू येऊ नये, तशी ही स्थिती होय. द्रव हेलियमच्या तापमानास हा गोंगाट ०.३६ सहस्रांश व्होल्टांवर येतो आणि ०.३५ केल्व्हिनला तो ०.०३ सहस्रांश व्होल्टांइतका क्षीण होतो. तेव्हा कोठे पदार्थाच्या अंतरंगातील कुजबुज कानी पडू लागते.

बोगदा न खोदता पलीकडे

वर्ध्याहून मुंबईकडे जाणारी आगगाडी इगतपुरीनंतर कसाऱ्याच्या घाटात बोगद्यांतून उतरते. समृद्धी महामार्गावर इगतपुरीजवळ सुमारे ८ किलोमीटर लांबीचा बोगदा खोदण्यात आला असून २०२५ मध्ये हा महामार्ग पूर्णपणे खुला झाला. डोंगर आडवा आला म्हणजे तो ओलांडावा तरी लागतो किंवा खोदावा तरी लागतो, हा आपला नित्याचा अनुभव आहे. इलेक्ट्रॉनाच्या सूक्ष्म जगात मात्र तिसरा मार्ग उपलब्ध आहे. पुंजयामिकीनुसार इलेक्ट्रॉनाला तरंगाचे गुणधर्म असतात. अडथळ्याच्या भिंतीशी हा तरंग एकदम संपत नाही. भिंतीच्या आत तो वेगाने क्षीण होत जातो. भिंत पुरेशी पातळ असल्यास तरंगाचा अल्प अंश पलीकडच्या बाजूस उरतो. याचा अर्थ असा, की भिंत ओलांडण्याइतकी ऊर्जा नसलेला इलेक्ट्रॉनही कधीकधी भिंतीपलीकडे सापडतो. यालाच ‘टनेलिंग’ किंवा बोगदा-परिणाम म्हणतात. येथे भिंतीला भोक पडत नाही, आणि पार होताना इलेक्ट्रॉनाची ऊर्जाही खर्ची पडत नाही.

‘पुरेशी पातळ’ म्हणजे किती, हे समजणे आवश्यक आहे. प्रयोगांत वापरली जाणारी भिंत एक-दोन नॅनोमीटर जाडीची असते. साध्या कागदाच्या जाडीचा हा सुमारे लाखावा भाग होय. जाडी किंचित वाढली, तरी पलीकडे जाण्याची शक्यता झपाट्याने घटते. डोंगरातून माणूस आरपार जात नाही, याचे कारण हेच आहे.

हा परिणाम केवळ प्रयोगशाळेपुरता नाही. सूर्याच्या गाभ्याचे तापमान सुमारे दीड कोटी अंश असले, तरी हायड्रोजनच्या अणुकेंद्रांना एकमेकांचे प्रतिकर्षण ओलांडून एकत्र येण्यास तेवढी उष्णता अपुरी पडते. बोगदा-परिणामामुळेच ती एकत्र येतात आणि सूर्य तळपतो. विदर्भाच्या कडक उन्हामागेही अशा रीतीने पुंजयामिकीच आहे. मोबाइल दूरध्वनीत छायाचित्रे साठविणाऱ्या स्मृतिपट्टीतही इलेक्ट्रॉन ऑक्साइडच्या पातळ थरातून याच मार्गाने आत-बाहेर केले जातात.

मोजणीचे दोन प्रकार

अतिशीत पदार्थातील विजेची तपासणी मुख्यत्वे दोन प्रकारांनी होते. पहिला प्रकार विद्युत् वहनाचा. नमुन्यास चार तारा जोडतात. बाहेरच्या दोन तारांतून ठरावीक प्रवाह सोडतात आणि आतील दोन तारांमधील विद्युत् दाब मोजतात. अशा मांडणीमुळे जोडतारांचा स्वतःचा रोध मोजणीत मिसळत नाही. प्रवाह चालू असताना दाब शून्यावर आला, म्हणजे पदार्थ अतिसंवाहक झाला.

दुसरा प्रकार बोगदा-परिणामाचा. आयव्हर जीव्हर या मूळच्या यंत्र अभियंत्याने १९६० मध्ये ॲल्युमिनियमची पट्टी, तिच्यावर ऑक्साइडचा पातळ थर आणि वर शिशाची पट्टी अशी साधी रचना केली व ती द्रव हेलियमने थंड केली. शिसे अतिसंवाहक झाल्यावर, दाब एक सहस्रांश व्होल्टापलीकडे जाईपर्यंत थरातून प्रवाह जवळजवळ वाहिनासा झाला. त्यानंतर तो एकदम वाढला. इलेक्ट्रॉनांची जोडी फोडण्यास किती ऊर्जा लागते, याचे मापन अशा रीतीने एका साध्या आलेखावरून होऊ लागले. या ऊर्जेस ऊर्जा-अंतर म्हणतात. पुढे १९६२ मध्ये केंब्रिज येथील २२ वर्षांचा विद्यार्थी ब्रायन जोसेफसन याने दाखवून दिले, की जमलेल्या जोड्याही न फुटता अशा थरातून पार होऊ शकतात आणि त्यासाठी दाबाची गरज नसते. दोन अतिसंवाहकांमधील अशा सांध्यास ‘जोसेफसन सांधा’ म्हणतात. अर्धसंवाहकातील बोगदा-परिणाम शोधणारे जपानी शास्त्रज्ञ लिओ इसाकी, जीव्हर आणि जोसेफसन यांना १९७३ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

१९८१ मध्ये स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे बिनिग आणि रोहरर यांनी ऑक्साइडच्या थराऐवजी निर्वात फटीचा उपयोग केला. टोकदार सुई पृष्ठभागाच्या अगदी जवळ नेली असता फटीतून बोगदा-प्रवाह वाहतो. सुई नॅनोमीटरच्या दहाव्या भागाने दूर सरली, तरी हा प्रवाह सुमारे दसपट घटतो. या गुणधर्मावर आधारलेल्या टनेलिंग सूक्ष्मदर्शकाने एकेक अणू दिसू लागला.

कुलाब्यातील प्रयोग

मुंबईत कुलाबा येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या क्षेत्रातील संशोधन अनेक दशके चालू आहे. १९९४ मध्ये तेथील शास्त्रज्ञांनी आपल्या सहकाऱ्यांसमवेत यिट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बन यांच्या संयुगात सुमारे १२ केल्व्हिनला अतिसंवाहकता दिसून येत असल्याचे प्रसिद्ध केले. निकेल हा चुंबकीय धातू म्हणून ओळखला जातो, आणि चुंबकत्व हे सामान्यतः अतिसंवाहकतेस मारक असते. त्यामुळे या शोधाने जगभरच्या संशोधकांचे लक्ष वेधून घेतले.

वर वर्णन केलेल्या दोन्ही मोजण्या एकत्र केल्याने काय साधते, याचे उत्तम उदाहरण याच संस्थेतील प्रताप रायचौधुरी यांच्या गटाच्या संशोधनात मिळते. या गटाने नायोबियम नायट्राइड या संयुगाचे अत्यंत पातळ थर तयार केले. शुद्ध अवस्थेत हा पदार्थ सुमारे १६ केल्व्हिनला अतिसंवाहक होतो. थरातील अणुरचनेत हेतुतः अव्यवस्था वाढवीत नेली असता हे तापमान खाली खाली येते. अशा थरांवर विद्युत् वहन आणि टनेलिंग या दोन्ही मोजण्या करण्यात आल्या. १९५७ च्या सिद्धांतानुसार रोध परत येताच जोड्या फुटलेल्या असाव्यात आणि ऊर्जा-अंतरही नाहीसे व्हावे. परंतु अव्यवस्था फार असलेल्या थरांत दोन मोजण्यांचे निष्कर्ष जुळले नाहीत. रोध परत आला, तरी काही केल्व्हिन वरपर्यंत ऊर्जा-अंतराची खूण टिकून राहिली. हे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले.

या विसंगतीचा अर्थ लेझीम पथकाच्याच उदाहरणाने स्पष्ट होईल. जोड्या मोडलेल्या नव्हत्या. त्यांचा सामाईक ताल मात्र सुटला होता. हात हाती असूनही पावले जुळेनाशी झाली आणि म्हणून विजेची सुरळीत वाट बंद झाली. केवळ रोध मोजला असता, तर अतिसंवाहकता संपली एवढेच कळले असते. ती कोणत्या प्रकारे संपली, हे टनेलिंगमुळे कळले. उल्लेखनीय बाब अशी, की या गटाने आपला टनेलिंग सूक्ष्मदर्शक स्वतःच उभारला आहे. ०.३५ केल्व्हिन तापमानात आणि ९ टेस्ला चुंबकीय क्षेत्रात काम करणाऱ्या त्याच्या सुधारित रचनेचे वर्णन २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले.

याच संस्थेतील एस. रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याहूनही पुष्कळ खालची पायरी गाठली. अत्यंत शुद्ध बिस्मथचे स्फटिक ०.०००५३ केल्व्हिनला अतिसंवाहक होतात, असे त्यांनी दाखवून दिले. हे संशोधन ‘सायन्स’ नियतकालिकात २०१७ च्या प्रारंभी छापले गेले. बिस्मथमध्ये सुमारे एक लाख अणूंमागे एकच मोकळा इलेक्ट्रॉन असतो. इतक्या विरळ वस्तीत जोड्या कशा जमतात, याचे उत्तर प्रचलित सिद्धांताने मिळत नाही. वर्ध्याच्या उन्हाळ्यातील ४५ अंश म्हणजे ३१८ केल्व्हिन. त्याच्या सहा लाखाव्या अंशाइतक्या तापमानात निसर्गाने एक नवे कोडे घातले आहे.

अब्जावधी जोड्यांची एकच उडी

एकटा इलेक्ट्रॉन भिंतीतून पार होतो. परंतु डोळ्यांना दिसू शकेल एवढी वस्तू असे वर्तन करील काय? अमेरिकेतील बर्कले येथे जॉन क्लार्क, मिशेल देवोरे आणि जॉन मार्टिनिस यांनी १९८४-८५ मध्ये जोसेफसन सांध्यावर केलेल्या प्रयोगांनी या प्रश्नाचे उत्तर दिले. सांध्यातून दाबरहित प्रवाह वाहत असताना ती अवस्था केव्हा सुटते, याची त्यांनी पुनःपुन्हा मोजणी केली. तापमान उतरविले तशी अवस्था सुटण्याची घटना विरळ होत गेली. परंतु एका मर्यादेखाली तापमान कितीही उतरविले, तरी तिचे प्रमाण कमी झाले नाही. उष्णतेच्या धक्क्याने भिंत ओलांडली जात असती, तर ते कमी झालेच असते. अर्थात येथे अब्जावधी जोड्यांची मिळून बनलेली एकच अवस्था भिंतीतून पार होत होती. या कार्याबद्दल तिघांना २०२५ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले.

या प्रयोगांतूनच पुढे अतिसंवाहक क्यूबिट, म्हणजे पुंज संगणकाचा मूळ घटक, निर्माण झाला. येल विद्यापीठात देवोरे यांच्यासमवेत संशोधन केलेले आर. विजय यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाची प्रयोगशाळा उभी केली. या संस्थेने पुणे येथील संरक्षण संशोधन विभागाची तरुण शास्त्रज्ञांची प्रयोगशाळा आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस यांच्या सहकार्याने सहा क्यूबिटांच्या संगणकीय संचाची चाचणी पूर्ण केल्याचे ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झाले. क्यूबिटांचे अभिकल्पन आणि निर्मिती मुंबईत झाली, तर नियंत्रण व मापनाची सामग्री पुण्यात जुळविण्यात आली. सहा क्यूबिटांचे काम साधा संगणकही करू शकतो. व्यवहारोपयोगी पुंज संगणकाची मजल यापुढे फार दूरची आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तथापि असा संच देशात घडविता येतो, हे त्यामुळे सिद्ध झाले. केंद्र शासनाने एप्रिल २०२३ मध्ये मंजूर केलेल्या राष्ट्रीय क्वांटम अभियानासाठी ६,००३.६५ कोटी रुपयांची तरतूद असून, या अभियानातील संवेदन व मापन या विषयाचे केंद्र मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत आहे.

हेलियमची जपणूक

या सर्व कार्याचा आधार असलेले हेलियम मात्र आपल्याला बाहेरून आणावे लागते. हवेत त्याचे प्रमाण दहा लाख भागांत अवघे पाच भाग आहे. व्यापारी प्रमाणावर ते काही ठिकाणच्या नैसर्गिक वायूतून वेगळे करतात. पात्रातून निसटलेले हेलियम वातावरणात मिसळते आणि कालांतराने अवकाशात निघून जाते. जुन्या पद्धतीच्या एम. आर. आय. चुंबकात हजार-दीड हजार लिटर किंवा त्याहून अधिक द्रव हेलियम असते. चुंबक काही कारणाने तापल्यास ते अल्पावधीत उकळून जाते आणि रुग्णांची तपासणी थांबते. परदेशातील पुरवठा खंडित झाल्यास त्याची झळ मुंबईच्या प्रयोगशाळेइतकीच ग्रामीण भागातील रुग्णालयासही पोचू शकते.

यावर दोन उपाय आहेत. मोठ्या प्रयोगशाळांत उडून जाणारा वायू नळ्यांतून परत गोळा करून पुन्हा द्रवरूप करतात. ही व्यवस्था जितकी विस्तारेल तितकी आयात कमी होईल. दुसरे असे, की अत्यल्प हेलियमवर चालणारे बंदिस्त चुंबक आणि शीतक यंत्रे आता उपलब्ध झाली आहेत. मात्र दोन्ही बाबतींत निर्वात पंप, झडपा, तापमापक आणि सूक्ष्म जोडतारा यांवर हुकमत असलेले कुशल तंत्रज्ञ हवेत. संशोधकांइतकीच त्यांचीही आवश्यकता आहे.

जिल्ह्यातील महाविद्यालयास काय करता येईल?

या शास्त्राची पहिली पायरी जिल्ह्याच्या ठिकाणीही चढता येते. टनेल डायोडचा आलेख काढणे आणि चार टोकांनी रोध मोजणे हे प्रयोग भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांस परिचित आहेत. १९८७ मध्ये शोध लागलेले यिट्रियम, बेरियम, तांबे आणि ऑक्सिजन यांचे संयुग सुमारे ९२ केल्व्हिनला अतिसंवाहक होते. द्रव नायट्रोजन ७७ केल्व्हिनला उकळत असल्याने या संयुगासाठी हेलियम लागत नाही. संयुगाची लहानशी वडी, चार तारा, स्थिर प्रवाहाचे साधन, सूक्ष्म दाब मोजणारा मापक आणि तापयुग्म एवढ्या सामग्रीवर, रोध शून्याला पोचताना विद्यार्थी स्वतः पाहू शकतात.

गोठित रेतमात्रांसाठीचा द्रव नायट्रोजन तालुक्यापर्यंत नियमित पोचविला जातो. तो साठा पशुधनासाठी आहे व त्यास हात लावू नये. परंतु महाविद्यालयांना स्वतंत्र पुरवठा होणे अशक्य नाही, हे त्यावरून दिसते. प्रयोग हवेशीर खोलीत आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली करावा. हातमोजे आणि डोळ्यांना संरक्षक चष्मा अनिवार्य समजावा. द्रव नायट्रोजन कधीही घट्ट झाकणाच्या पात्रात ठेवू नये. वायूच्या दाबाने पात्र फुटून गंभीर इजा होऊ शकते.

आपल्या हातांनी साधन घडवावे आणि त्यातील गुणदोष तपासून ते सुधारावे, ही परंपरा वर्ध्याला नवी नाही. मगनवाडीत १९३४ मध्ये ग्रामोद्योग संघाचे काम सुरू झाले आणि १९३८ मध्ये मगन संग्रहालय उभे राहिले, ते याच विचाराने. कुलाब्यातील सूक्ष्मदर्शक आणि मुंबई-पुण्यातील क्यूबिटांचा संच यांमागेही हाच विचार आहे. एम. आर. आय.चा चुंबक दुरुस्त करणारा तंत्रज्ञ, हेलियम परत गोळा करणारा अभियंता आणि जोड्यांचा ताल का सुटतो हे शोधणारा संशोधक, या तिघांचीही सुरुवात चार तारा नीट जोडून एक आलेख अचूक काढण्यापासूनच होते. तेवढी सोय आर्वी, हिंगणघाट, पुलगाव आणि वर्धा येथील विद्यार्थ्यांना त्यांच्याच महाविद्यालयात मिळाली, तर या शास्त्राची वाट त्यांनाही खुली होईल.